परदेशी कंपनीला वेगळे न्यायपीठ कशाला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत आणि 23 मे 2024 रोजी अमुदान कंपनीत स्फोट झाला. दोन्ही वेळा कामगार आणि आसपासची माणसे प्राणाला मुकली, दूरवरच्या सोसायट्यांच्या काचा फुटल्या. या दोन स्फोटांच्या मधल्या काळात, 2022 मध्ये, राज्य सरकारने इथले 156 धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचे जाहीर केले होते. 2024 नंतर तीच घोषणा पुन्हा झाली. उद्या हा निर्णय खरोखर अमलात आला तर कारखानदार न्यायालयात जातील आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण एखाद्या कारखान्यात परदेशी भांडवल असेल आणि त्या देशाशी आपला गुंतवणूक संरक्षण करार असेल, तर त्या मालकाला आणखी एक वाट मिळू शकते: भारत सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचण्याची. शेजारच्या प्लॉटवरच्या मराठी किंवा गुजराती उद्योजकाला ही वाट नाही, आणि स्फोटात घर गमावलेल्या रहिवाशाला तर नाहीच. एकाच निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचे असे दोन दर्जे असू नयेत, असे माझे मत आहे. पण या विषयाभोवती विरोधकांचे आणि समर्थकांचेही इतके गैरसमज साचले आहेत की आधी ते दूर केलेले बरे.

पहिला गैरसमज विरोधकांचा: लवाद सरकारचा कायदाच रद्द करतो. तसे होत नाही. लवाद सहसा फक्त नुकसानभरपाई ठरवतो. कायदा जागच्या जागी राहतो. सरकारे नेहमी हरतात हेही खरे नाही. सिगारेटच्या पाकिटांवरील निर्बंधांविरुद्ध फिलिप मॉरिसने ऑस्ट्रेलिया आणि उरुग्वे या दोन्ही देशांवर दावे लावले आणि कंपनी दोन्ही हरली. पण म्हणून धोका नाही असेही नाही. अशा दाव्याला वर्षे लागतात, वकिलांवर कोट्यवधी खर्च होतात, आणि जिंकूनही सगळा खर्च परत मिळेल याची खात्री नसते. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावर या खर्चाचे दडपण आधीच असते.

दुसरा समज असा की हे सगळे दिल्लीच्या मोठ्या धोरणांपुरते आहे. महापालिका किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचा त्याच्याशी संबंध नाही. वस्तुस्थिती उलट आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्य सरकार, सरकारी अधिकार वापरणारे महामंडळ, महापालिका यांची कृती ही देशाचीच कृती धरली जाते. मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीला मेक्सिकोत घातक कचऱ्याचे केंद्र चालवायचे होते. ग्वादालकासार या छोट्या गावाच्या पालिकेने बांधकाम परवाना नाकारला. 2000 साली लवादाने मेक्सिकोला सुमारे 1 कोटी 67 लाख डॉलर भरायला लावले. केंद्राने दिलेले आश्वासन आणि पालिकेचा नकार यांतली विसंगती कंपनीच्या पथ्यावर पडली. कल्याण-डोंबिवलीत एमआयडीसी, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ एकमेकांकडे बोटे दाखवतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही विसंगती ओळखीची वाटेल.

तिसरा समज महाराष्ट्राने स्वतः अनुभवून खोटा ठरवला आहे: ज्या देशाशी करार नाही, त्या देशाच्या कंपनीपासून आपण सुरक्षित आहोत. अमेरिकेशी भारताचा असा करार नव्हता आणि आजही नाही. तरी गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पात काय झाले ते आठवावे. 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने अमेरिकेच्या एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. ऑगस्ट 1995 मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत नव्या वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. 1999 मध्ये वीज सुरू झाली, पण तिचा दर मंडळाला पेलवेना. ठाणे-कल्याणचे ग्राहक तेव्हा याच मंडळाचे होते, म्हणजे तो भार शेवटी त्यांच्या बिलावर येणार होता. 2001 मध्ये मंडळाने करार मोडला आणि वाद राज्य वीज नियामक आयोगाकडे नेला. आयोगाने कंपनीला लंडनच्या लवादात जाण्यापासून रोखले. पुढे एन्रॉन दिवाळखोर झाली, तेव्हा भागीदार असलेल्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी आपल्या मॉरिशसमधल्या उपकंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस कराराखाली भारत सरकारवर दावे लावले. कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकाही आपापल्या देशांच्या करारांचा आधार घेऊन आल्या. 2005 च्या सुमारास हे सगळे तडजोडीने मिटले. करार मॉरिशसशी, कंपन्या अमेरिकेच्या, वाद विजेच्या दराचा, आणि उत्तर द्यायचे भारत सरकारने, अशी ती गुंतागुंत होती.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. रद्द करून पुन्हा स्वीकारणे आणि नंतर मोडणे, ही सरकारची वागणूक कोणत्याही गुंतवणूकदाराला घाबरवणारी होती. 2012 चा पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेला, कर तसाच. व्होडाफोन आणि केर्न या कंपन्यांनी त्याविरुद्ध 2020 मध्ये निवाडे जिंकले, आणि 2021 मध्ये संसदेने तो मागे घेतला. त्यापूर्वी 2011 मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारतीय न्यायालयांतल्या दिरंगाईवरच बोट ठेवून भारताविरुद्ध निवाडा मिळवला. म्हणजे लवादांनी दाखवलेले दोष खोटे नाहीत. पण न्यायालयीन दिरंगाई फक्त परदेशी कंपनीलाच छळते का? उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध लढणाऱ्यांनीही तारखांमागून तारखा काढल्या आहेत. त्रास सर्वांचा आणि सुटका एकाची, हा उपाय मला पटत नाही. ज्याच्याकडे सर्वाधिक वजन आहे त्याला रांगेतून बाहेर काढले, की रांग पुढे सरकवण्याचा आग्रह धरणारा मोठा आवाजच नाहीसा होतो.

मग लवादाच्या या तरतुदीशिवाय गुंतवणूक येणार नाही, हा समर्थकांचा लाडका युक्तिवाद उरतो. ब्राझीलने असे करार कधी अमलात आणले नाहीत, तरी तिथे परदेशी भांडवल मोठ्या प्रमाणात जाते. अमेरिकी भांडवल भारतात करारावाचून येतेच आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन यांच्याशी मार्च 2024 मध्ये झालेल्या व्यापार करारात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्ट आहे, आणि त्यात कंपनीने सरकारवर दावा लावण्याची सोय नाही. आपल्या कंपन्यांना परदेशात संरक्षण हवे, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. फ्लेमिंगो या भारतीय कंपनीने पोलंडविरुद्ध 2016 मध्ये भरपाई मिळवली. पण इंडोनेशियातल्या कोळसा परवान्याच्या वादात इंडियन मेटल्स अँड फेरो अलॉइज 2019 मध्ये हरली. मोठ्या कंपन्या प्रकल्पाच्या मूळ करारात लवादाचे कलम घालू शकतात, राजकीय जोखमीचा विमाही काढू शकतात. त्यासाठी देशाने आधीच सरसकट संमती देऊन ठेवायची गरज नाही.

शेवटचा समज, की 2016 मध्ये भारताने जुने करार संपवले आणि प्रश्न मिटला. करार संपवण्याच्या नोटिसा तेव्हा गेल्या हे खरे. पण त्या करारांत, संपल्यानंतरही आधीच्या गुंतवणुकीला 10 ते 15 वर्षे संरक्षण देणारे कलम होते. त्यांतल्या काहींची मुदत अजून चालू आहे. गुंतवणूक कराराच्या 2015 च्या नव्या आदर्श मसुद्यात भारताने कर वगळले आणि आधी 5 वर्षे देशी न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली. ती बरीचशी योग्य होती. संयुक्त अरब अमिरातीशी 2024 मध्ये झालेल्या करारात ती 3 वर्षांवर आली, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात हा मसुदा गुंतवणूकदारांना अधिक अनुकूल करण्याचे जाहीर झाले. आपल्याकडे असे करार मंजुरीसाठी संसदेपुढे ठेवावेच लागत नाहीत, राज्यांची संमतीही लागत नाही. मात्र 2015 चा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता आणि विधी आयोगाने त्यावर स्वतंत्र अहवाल दिला होता. नव्या मसुद्याच्या बाबतीत किमान तेवढे व्हावे, आणि ज्यांचे निर्णय उद्या लवादापुढे जातील त्या राज्यांना आणि महापालिकांना त्यावर बोलू द्यावे. आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरणासाठी भेदभाव न करता घेतलेले निर्णय दाव्याबाहेर राहतील, हे त्या मसुद्यात नि:संदिग्ध शब्दांत लिहिलेले हवे. डोंबिवलीतून कारखाना हलवण्याचा आदेश याच प्रकारात मोडतो.