लखनौमधील इंग्रजी खेडे

नबाब असफउद्दौला यांनी १७७५ च्या सुमारास गोमतीकाठच्या उंचवट्यावर कंपनी सरकारच्या प्रतिनिधीसाठी, म्हणजे रेसिडेंटसाठी, निवासस्थान बांधावयास घेतले. सादत अलीखानांच्या कारकिर्दीत, १८०० मध्ये, ते पूर्ण झाले. भोवती हळूहळू जे वसले ते जणू एक इंग्रजी खेडेच होते. १८१० मधील चर्च, टपाल कचेरी, डॉक्टर फेरर यांचे घर, मेजवान्यांसाठी प्रशस्त दिवाणखाना, उन्हाळ्यासाठी गार तळघरे. आणि बेगम कोठीच्या आवारात चक्क इमामबाडाही! बँकेशी नाते असणाऱ्या वाचकाचे पाऊल मात्र खजिन्यापाशी थबकेल. ही इमारत १८५१ मध्ये पुरी झाली.

अवघ्या सहा वर्षांनी, ३० जून १८५७ रोजी, रेसिडेन्सीला वेढा पडला. सुमारे ३,००० माणसे आत कोंडली गेली. त्यांत शेकडो भारतीय शिपाई आणि नोकरचाकरही होते. रोजच्या सोयींचे रूपच पालटले. खजिन्याच्या लांब दालनात काडतुसे तयार होऊ लागली, दिवाणखान्याचे रुग्णालय झाले, चर्चमध्ये धान्य साठविले गेले, तळघरांत बायकामुलांनी आसरा घेतला. सर हेन्री लॉरेन्स ४ जुलै रोजी डॉक्टर फेरर यांच्याच घरी मरण पावले. नोव्हेंबरमध्ये उरलेल्यांनी ही वास्तू सोडली.

तोफगोळ्यांनी विदीर्ण झालेल्या भिंती पुरातत्त्व खात्याने तशाच जतन केल्या आहेत. लॉरेन्स यांची कबर चर्चच्या अवशेषांजवळ आहे. वेढा घालणाऱ्या बाजूचे स्मारक उभे राहावयास मात्र १९५७ साल उजाडले. ते शहीद स्मारक रेसिडेन्सीसमोरच, गोमतीच्या काठी आहे.