स्फटिक दिसण्याआधीची गोष्ट

जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी शेजारच्या कारवार तालुक्यात कद्रा जलाशयात अडवली आहे. याच जलाशयाचं पाणी कैगा अणुवीज केंद्राला थंड ठेवतं. तिथल्या २२० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांमध्ये जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग आवरतं, म्हणून साखळी प्रक्रिया टिकते. न्यूट्रॉन म्हटला की या भागात वीजच आठवते. पण प्रथिनाचा स्फटिक कसा वाढतो, हे शोधायलाही न्यूट्रॉन आणि जड पाणी हीच जोडी कामी येते.

प्रथिनाची रचना कळायची तर बहुधा आधी त्याचा चांगला स्फटिक हवा. तोच मिळत नाही, आणि वर्षानुवर्षांचं काम तिथेच अडतं. त्यातल्या त्यात सोपं प्रथिन लायसोझाइम, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं. त्याच्या द्रावणाचा थेंब मिठाच्या द्रावणात मिसळून काचेच्या चकतीला उलटा लटकवतात आणि खाली जास्त खारं पाणी ठेवून कुपी बंद करतात. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं, द्रावण घट्ट होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली चकाकत्या कडा दिसू लागतात. हा स्फटिक खडीसाखरेसारखा टणक नसतो. त्याचा जवळपास निम्मा भाग पाणीच असतो, सुई टेकली तरी तो फुटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो तोवर महत्त्वाचं सगळं घडून गेलेलं असतं. रेणू एकमेकांजवळ आले ते आधीच. तो टप्पा न्यूट्रॉन दाखवतात. द्रावणातून जाताना ते किंचित कोनांत विखुरतात; त्या कोनांवरून रेणूंच्या पुंजक्यांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर काढता येतं. क्ष-किरणांनी नाजूक नमुना होरपळू शकतो, न्यूट्रॉनांनी सहसा नाही. शिवाय साधा हायड्रोजन आणि जड पाण्यातला जड हायड्रोजन न्यूट्रॉनांना अगदी वेगळे दिसतात. पाण्यात जड पाण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के केलं, की प्रथिन पार्श्वभूमीत जवळजवळ मिसळून जातं. प्रमाण बदललं की पुन्हा उठून दिसतं. हे मला या तंत्राचं सर्वांत मोठं बळ वाटतं.

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे काम होतं. तिथे न्यूट्रॉन विखुरण्याच्या अभ्यासाचा पाया अप्सरा अणुभट्टीवर पी. के. अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी घातला. १९८५ पासून तिथे १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी आहे. याच केंद्रातल्या व्ही. के. अस्वाल यांच्या गटाने लायसोझाइमच्या द्रावणात मीठ वाढवून पाहिलं. रेणूंवर एकाच प्रकारचा विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ तो भार झाकतं, जवळच्या अंतरावरची ओढ वरचढ ठरते आणि एकजीव द्रावणाचे दोन भाग पडू लागतात. रशियन संशोधकांना स्फटिक होण्याआधीच्या द्रावणात लायसोझाइमच्या दोन-दोन आणि आठ-आठ रेणूंचे गट आढळले. मीठ किती घालावं, थंड किती करावं, हा अंदाजाचा खेळ अशा मोजमापांनीच संपेल.

विद्यापीठांतल्या संशोधकांना ध्रुववर प्रयोग करता यावेत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं संयुक्त केंद्र मुंबईत आहे. जोयडा, दांडेली, कारवारच्या मुलांनो, भौतिकशास्त्र किंवा जीवरसायन शिकत असाल तर त्याची चौकशी जरूर करा.