पीएच.डी. करताना येणारा रोजचा ताण: शरीर काय सांगते आणि काय करावे

चिमूरसारख्या गावात पीएच.डी. करणारा माणूस 'मला ताण आला आहे' असे सांगत दवाखान्यात येत नाही. तो अ‍ॅसिडिटीची गोळी मागतो. मान आखडली म्हणतो, रात्री तीनला जाग येते म्हणतो. छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढून घेतो आणि तो नॉर्मल आला की थोडा हिरमुसतो. मग सोबत आलेली आई किंवा पत्नी हळूच सांगते, "सर, यांचं ते पीएच.डी.चं सुरू झालं, तेव्हापासून असंच आहे." तिथून खरे बोलणे सुरू होते.

हा लेख अशा संशोधकांसाठी आहे आणि तितकाच त्यांच्या घरच्यांसाठीही.

आपल्याकडच्या संशोधकाचा ताण थोडा वेगळा का?

२०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलामुलींना नोंदणीसाठी नागपूर विद्यापीठावरच अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. ही मोठीच सोय झाली. पण माझ्याकडे येणारा संशोधक वसतिगृहात राहणारा पंचविशीतला मुलगा क्वचितच असतो. तो किंवा ती पस्तिशीच्या आसपासची असते. कुठल्यातरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, सुट्ट्या लागल्या की मानधन थांबते. घरी शाळेत जाणारे मूल असते, धानाच्या बांध्या असतात आणि रोवणीच्या दिवसांत 'तू घरीच तर बसला आहेस' म्हणून पहिला बोलावणा त्यालाच येतो. गाईड दुसऱ्या गावाला. एका सहीसाठी एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो आणि सर मीटिंगमध्ये असले तर दुसरा दिवसही.

ज्यांना यूजीसीची जेआरएफ मिळते, त्यांना जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. काहींना बार्टी, सारथी, महाज्योती यांची अधिछात्रवृत्ती असते. अनेकांना यातले काहीच नसते. पैशाची काळजी आणि प्रबंधाची काळजी वेगवेगळी राहत नाही, रात्री दोन्ही एकत्रच येऊन बसतात.

हे फक्त आपल्याकडचे नाही. बेल्जियममध्ये ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ३२ टक्के जणांना मानसिक आजार असण्याचा किंवा होण्याचा धोका दिसला आणि शिकलेल्या इतर लोकांच्या तुलनेत हे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. २०१८ मध्ये २६ देशांतल्या पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या पाहणीतही चिंता आणि नैराश्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले. अशा पाहणीत त्रास असणारेच अधिक उत्तरे देतात, हे धरूनही एक गोष्ट नक्की सांगता येते: हा 'कमकुवत मनाच्या' माणसांचा प्रश्न नाही. कामाच्या रचनेतच तो आहे.

शरीरात काय होते?

रस्त्यात वाघ आडवा आला तर काय होते, हे ताडोबाच्या बाजूला राहणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. अ‍ॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हातपाय ताठ होतात. वाघ निघून गेला की तासाभरात शरीर जागेवर येते. शरीराची ही व्यवस्था अशा थोड्या वेळाच्या संकटासाठी आहे.

पीएच.डी.चा वाघ निघून जात नाही. परीक्षेला तारीख असते, निकाल असतो. प्रबंधाला तीन वर्षे, पाच वर्षे शेवटच दिसत नाही. 'झाले' असे म्हणण्याचा दिवस आठवड्यातून एकदाही येत नाही. त्यामुळे शरीर थोडे थोडे सावधच राहते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक एरवी सकाळी जास्त आणि रात्री कमी असते. सततच्या ताणात आणि जागरणात ही लय बिघडू शकते. मग झोप तुटक होते, पोट बिघडते, मान-खांदे दुखतात, वाचलेले पान लक्षात राहत नाही. लक्षात राहत नाही म्हणून माणूस जास्त वेळ बसतो, जास्त बसतो म्हणून कमी झोपतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी कमी लक्षात राहते. या चक्रात सर्वांत सहज हात घालता येतो तो झोपेत. म्हणून मी गोळीच्या आधी झोपेबद्दल विचारतो.

पण सगळेच ताणावर ढकलू नका

हे मला विशेष ठासून सांगायचे आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागात क्षेत्रकार्य करून आल्यावर ताप, थंडी, अंगदुखी आली तर 'धावपळ झाली' म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा. फॅल्सिपॅरम मलेरिया थोड्या दिवसांत गंभीर होऊ शकतो. मुक्कामाला जाताना मच्छरदाणी न्या, प्रश्नावलीच्या गठ्ठ्याइतकीच ती आवश्यक आहे.

सततचा थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि शक्य असेल तर बी-१२ तपासून घ्या. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. पूर्वी कधी तपासले नसेल तर तेही एकदा तपासावे. थायरॉइड कमी असलेली मुलगी दोन वर्षे स्वतःला आळशी म्हणत राहते, आणि ते निदान साध्या रक्ततपासणीत होणारे असते.

चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येणे, दुखणे हात किंवा जबड्याकडे जाणे, घाम, दम लागणे, असे झाले तर वय कितीही असो, लगेच रुग्णालय गाठा. घबराटीचा झटकाही छातीत दुखवतो. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. पण पहिल्या वेळी फरक घरी बसून करू नये.

खर्रा, चहा आणि झोप

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रात्री जागायचे म्हणजे खिशात खर्रा, हे ठरलेलेच. सुपारी, तंबाखू आणि चुना. लोक म्हणतात, त्याने डोके चालते. निकोटीन मेंदूला थोडा वेळ चेतवते हे खरे, पण त्याच वेळी नाडी वाढवते आणि झोप उथळ करते. तासाभराने तलफ येते, चिडचिड होते, दुसरी पुडी तोंडात टाकल्यावर बरे वाटते आणि माणसाला वाटते ताण गेला. गेली ती तलफ असते. तोंड कमी उघडू लागणे आणि तोंडाचा कर्करोग यांच्याबद्दल तुम्ही जाणताच. सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. प्रबंध संपल्यावर सोडतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रबंध संपतो, खर्रा राहतो.

चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणून दुपारी चारनंतरचा चहा कमी करा. झोपायची वेळ रोज सांभाळता आली नाही तरी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत. झोपेसाठी दारू घेऊ नका, तिने डोळा लवकर लागतो पण पहाटे मोडतो. मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणणे तर अजिबात नको, त्यांची सवय लागते.

आठवड्याला १५० मिनिटे जोमाने चालणे हे मूड आणि झोप दोन्हींसाठी उपयोगी आहे. मात्र भल्या पहाटे अंधारात जंगलालगतच्या रस्त्याने फिरायला जाऊ नका. उजाडल्यावर गावातल्या मैदानावर चाला. हा सल्ला पुण्याच्या डॉक्टरला द्यावा लागत नाही, मला लागतो.

कामाचा ताण कामाच्या पद्धतीनेही कमी होतो

मी स्वतः पीएच.डी. केलेली नाही, एम.बी.बी.एस. करून प्रॅक्टिस करतो. पण जे रुग्ण या चक्रातून बाहेर आले, त्यांच्याकडून काही गोष्टी ऐकल्या आहेत. त्या वैद्यकीय दृष्टीनेही पटतात.

रात्रीचे चार तास लिहायचे ठरवून मोबाइल बघत बसण्यापेक्षा सकाळी घर जागे होण्याआधीचा एक तास बरा. त्या तासात वाचन नाही, फक्त लेखन, चुकीचे का होईना. एका बाईंनी मला सांगितले की रोज एक परिच्छेद झाला की त्या वही बंद करतात आणि दिवसभर अपराधी वाटून घेत नाहीत. 'आज झाले' म्हणता येणे हे शरीरासाठी औषधच आहे.

गाईडला भेटायला जाताना एका कागदावर तीनच प्रश्न लिहून न्या आणि परतल्यावर काय ठरले ते दोन ओळींत त्यांना कळवा. निम्मी भीती 'सरांना नेमके काय हवे आहे ते कळत नाही' यातून येते. शोधगंगा या संकेतस्थळावर तुमच्या विषयातले जुने प्रबंध वाचायला मिळतात. दोन-तीन चाळून बघा. मान्य झालेला प्रबंध तुमच्या मनातल्या प्रबंधाइतका भव्य नसतो, हे बघून पुष्कळांना हायसे वाटते.

नियमही नीट वाचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत, पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. पूर्ण कालावधीत प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. तुमची नोंदणी त्याआधीची असेल तर तुम्हाला कोणते नियम लागू आहेत ते विद्यापीठात विचारा. बाळंतपणात 'आता माझे पीएच.डी. गेले' म्हणून रडणाऱ्या मुलीला रजेचा नियमच माहीत नसतो, असे होते.

आणि दिवाळीनंतर मंडईला झाडीपट्टीचे नाटक लागले तर जा. एका रात्रीने प्रबंध बुडत नाही. दुसऱ्या दिवशी झोपून घ्या.

घरच्यांसाठी

'कधी होणार?' हा प्रश्न विचारणे थांबवा. उत्तर त्यालाही माहीत नसते. पाहुण्यांसमोर तर विचारूच नका. त्याऐवजी 'आज काय केलंस?' असे विचारा आणि समजले नाही तरी ऐका. लिहिण्याचा तो एक तास घरात कामाचा तास म्हणून पाळा. विशेषतः सुनेच्या बाबतीत हे घडत नाही. मुलगा अभ्यासाला बसला की घर शांत होते, सून बसली की तिला गॅसवरचे दूध बघायला बोलावतात.

केव्हा थांबू नये?

दोन आठवडे बहुतेक दिवसभर मन उदास असणे, आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे, आपण काही कामाचे नाही असे वाटत राहणे, याला आम्ही नुसता ताण म्हणत नाही. हे नैराश्य असू शकते आणि ते उपचाराने बरे होते. समुपदेशन आणि गरज पडली तर औषधे. नैराश्याची नेहमीची औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावत नाहीत. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात.

'मरून जावे' असे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. गावात कुणी बघेल म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटतो त्यांच्यासाठीही तो चांगला आहे. घरच्यांनी शंका आली तर सरळ विचारावे: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे घरातून हलवा किंवा कुलूपबंद करा आणि त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कॉलेजला किंवा गाईडला कळवले जात नाही.

पहिल्यांदा डॉक्टरकडे येताना आठवडाभराची झोपण्या-उठण्याची वेळ, दिवसाचे चहा आणि खर्रे किती, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या कागदावर लिहून आणा. घरचे सोबत आले तर चांगलेच. फक्त पहिली दहा मिनिटे आम्हा दोघांनाच बोलू द्यावे.