बाल्लारो : पलेर्मोच्या जुन्या बाजारात

इटली म्हटले की रोम आणि व्हेनिस आठवतात. सिसिली बेटाकडे आपल्याकडून फारसे कोणी जात नाही. आमची भाची पलेर्मोच्या विद्यापीठात शिकते म्हणून मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघे तिकडे गेलो, नाहीतर आमचेही जाणे झाले नसते. पलेर्मो ही सिसिलीची राजधानी. बेटाच्या पश्चिम टोकापासून ट्युनिसियाचा किनारा जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, आणि शहरातल्या बाल्लारो बाजारात पाऊल टाकताच ही जवळीक जाणवते.

आल्बेर्गेरिया नावाच्या जुन्या मोहल्ल्यात अरुंद गल्ल्यांमधून हा बाजार पसरलेला आहे. वर रंगीत ताडपत्र्या, खाली दगडी फरशी सतत ओली. लिंबांचे ढीग, शेंगा, लोकाट, बरणीत मुरवलेले ऑलिव्ह, मिठात घोळलेल्या केपरच्या कळ्या. मासळीच्या फळ्यांवर तलवार मासा असा मांडलेला की त्याचे पाते आभाळाकडे. विक्रेते ओरडतात ते आपल्या आठवडी बाजारासारखेच, पण सूर लांबवून, जवळजवळ गाऊन. त्या आरोळीला तिथे ‘आब्बान्नियाता’ म्हणतात. अर्थ कळत नव्हता, पण घासाघीस करायला भाषा लागत नाही हे आम्हा कोकणातल्या माणसांना शिकवायला नको.

हा बाजार इथे अरबांच्या काळापासून आहे असे मानतात. इ.स. 827 मध्ये काझी असद इब्न अल-फुरात यांच्या नेतृत्वाखाली अघलबी सैन्य सिसिलीत उतरले आणि 831 मध्ये पलेर्मो त्यांच्या हाती आले. पुढची सुमारे अडीचशे वर्षे शहर मुस्लिम राज्यकर्त्यांकडे होते. 973 साली प्रवासी इब्न हौकल इथे आला. त्याने शहरात तीनशेहून अधिक मशिदी असल्याचे लिहिले आणि वेगवेगळ्या मालाचे बाजारही नोंदवले. मात्र त्याला पलेर्मोची माणसे आवडली नाहीत. इथले लोक कच्चा कांदा फार खातात, म्हणून त्यांची बुद्धी मंद झाली, असे तो म्हणतो. शिक्षकांवर तर त्याचा विशेष राग. शेकडो शिक्षक आहेत, आणि सगळे मूर्ख! आम्ही दोघेही शिक्षक आणि दोघेही जेवताना कांदा घेणारे, त्यामुळे हे वाचून फार हसलो.

बाल्लारो या नावाविषयी दोन मते आहेत. मोनरेआले गावाजवळ बल्हरा नावाचे खेडे होते, तिथले शेतकरी माल आणत, त्यावरून नाव पडले, हे एक. दुसरे मत ऐकून आम्ही उभ्याचे बसलो. अरब लेखक दख्खनच्या राष्ट्रकूट राजाला ‘बल्हरा’ म्हणत. वल्लभराज या पदवीचे ते अरबी रूप. त्याच्या मुलखातून मसाले येत, म्हणून बाजाराला ते नाव मिळाले, असे काही जण सांगतात. वेरूळचे कैलास लेणे कोरवून घेणारे ते हेच राष्ट्रकूट. इतिहासकार मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला याच बल्हराच्या राज्यातल्या सैमूर बंदरात, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या चौलला, येऊन गेला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि राजा त्यांना मानाने वागवतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. खेड्याचे मत जास्त सरळ वाटते हे कबूल. पण दुसरे खरे निघाले तर कोणाला आवडणार नाही?

नावाचे काही असो, बोलीतले शब्द मात्र वादातीत आहेत. तिळाला सिसिलीत ‘जुज्जुलेना’ म्हणतात, अरबीत जुलजुलान. संत्र्याच्या फुलाला ‘झागारा’, बागेतल्या पाण्याच्या हौदाला ‘जेब्बिया’, आणि एका जातीच्या द्राक्षाला ‘झिबिब्बो’, जे अरबी ज़बीब म्हणजे मनुका. पाणी साठवून पाटाने बागेत खेळवण्याची जी रीत अरबांनी इथे रुजवली तिची ही खूण.

खाण्याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. प्लीहा घातलेला पाव ही इथली प्रसिद्ध वस्तू, पण ती डुकराच्या चरबीत परततात. सळईवर भाजलेली आतडी कोकराची असतात, तरी जबीहाचा प्रश्न राहतोच. आपल्यासाठी ‘पानेल्ले’ उत्तम. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवतात, मीठ व कोथिंबिरीसारखा पाला घालतात, थापून पातळ काप करतात आणि तळतात. म्हणजे आपली पाटवडीच, फक्त तळलेली! तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. कढई वेगळी आहे का, तेल कसले आहे, एवढे मात्र विचारावे. भाचीने विचारले, आणि विक्रेत्याने न चिडता तेलाचा डबाच उचलून दाखवला.

आज या मोहल्ल्यात बांगलादेशी, ट्युनिसियन, घाना आणि नायजेरियाचे लोक, श्रीलंकेचे तमिळ असे सगळे राहतात. हलाल मटणाची दुकाने आहेत, भेंडी आहे, हळद आहे. पण हे सगळे आपोआप सुखाने घडलेले नाही. पलेर्मोत दुकानदारांकडून माफिया जी खंडणी उकळते तिला ‘पित्सो’ म्हणतात. एप्रिल 2016 मध्ये बाल्लारोच्या परिसरात एका गांबियन तरुणाच्या डोक्यात भर रस्त्यात गोळी घालण्यात आली. तो वाचला. त्यानंतर जवळच्या माक्वेदा रस्त्यावरचे परदेशी दुकानदार, बहुतेक बांगलादेशी, खंडणीखोरांविरुद्ध पोलिसांकडे बोलले. 2004 पासून पित्सोविरुद्ध काम करणारी ‘आद्दियोपित्सो’ ही तरुणांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. परक्या देशात, बायकामुले घेऊन, ज्या गल्लीत रोज शटर उघडायचे त्याच गल्लीतल्या गुंडांविरुद्ध साक्ष द्यायची! पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या कितीतरी स्थानिक व्यापाऱ्यांना जे जमले नव्हते ते या लोकांनी केले. आमच्या लेखी पलेर्मोच्या साऱ्या घुमटांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

जुन्या मुसलमानांचे काय झाले, हा प्रश्न मनात येतोच. 1072 मध्ये नॉर्मनांनी शहर घेतले. प्रथम त्यांनी मुसलमानांना ठेवून घेतले. राजा दुसऱ्या रॉजरसाठी अल-इद्रीसीने 1154 मध्ये भूगोलाचा मोठा ग्रंथ पुरा केला. 1184 च्या अखेरीस इब्न जुबैर आला तेव्हा बाजारातले व्यापारी मुसलमानच होते, अजान होत होती, काझी होता. पण जुम्याच्या खुत्ब्याला मनाई होती, फक्त ईदला परवानगी. त्याने ही बारीक नोंद केली आहे आणि ती वाचताना पुढचे दिसू लागते. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीच्या उरलेल्या मुसलमानांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा येथे नेऊन बसवले, आणि 1300 मध्ये तीही वस्ती मोडली गेली. पलेर्मोच्या कॅथेड्रलच्या दक्षिण दारातल्या एका खांबावर आजही कुरआनची आयत कोरलेली दिसते.

जोहरची नमाज आम्ही जवळच्या गल्लीतल्या मशिदीत अदा केली. ती इमारत पूर्वी चर्च होती. वजू करून आत गेलो तर सफ अर्धी आफ्रिकन, अर्धी बंगाली.

कोणाचे जाणे झालेच तर सकाळी जावे. दुपारनंतर निम्म्या फळ्या उठतात. कापडी पिशवी घ्यावी, पाकीट आतल्या खिशात ठेवावे, फळाला स्वतः हात लावू नये, बोटाने दाखवावे. सुकी ओरेगानो जुडीने मिळते, ती घ्यावी. आमच्या घरात महिनाभर तिचा वास होता.