गुरूची प्रारणवलये : मूळ संहिता आणि प्रक्षेप

गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि कुंभकोणमला ‘महामहम्’चे स्नान होते. अलीकडचे महामहम् फेब्रुवारी २०१६ मधले. त्याच वर्षी जुलैत ‘जूनो’ यान गुरूच्या कक्षेत शिरले. हा निव्वळ योगायोग होय.

गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले, प्रकाशवेगाच्या निकट पोहोचलेले इलेक्ट्रॉन बलरेषांभोवती फिरताना रेडिओ-तरंग उत्सर्जित करतात. हे उत्सर्जन ध्रुवित असून ग्रहबिंबापेक्षा पुष्कळ रुंद प्रदेशातून येते, असे मद्रासेत जन्मलेले व्ही. राधाकृष्णन (सी. व्ही. रामन यांचे पुत्र) आणि जे. ए. रॉबर्ट्स यांनी १९६० मध्ये दाखविले. पुढे नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्याची निरीक्षणे केली. मात्र पृथ्वीवरून वातावरणाची उष्णताजन्य प्रभा व वलयांचे प्रारण एकमेकांत मिसळूनच हाती येतात.

‘जूनो’ ग्रह व वलये यांमधील फटीतून गेले. त्यावरील सूक्ष्मतरंगमापक ०.६ ते २२ गिगाहर्ट्झपर्यंतच्या सहा वारंवारतांवर मोजमाप करतो. यान मिनिटाला दोनदा स्वतःभोवती फिरत असल्याने त्याला एकाच फेरीत खाली वातावरण आणि बाहेर वलये दिसतात. उपकरणाचे मूळ उद्दिष्ट वातावरणातील पाणी व अमोनिया हे. संहिताशास्त्राच्या भाषेत, वलयांचे प्रारण हा तेथे वगळावयाचा प्रक्षेप. पण वगळण्यासाठी आधी त्याचाच शुद्ध पाठ सिद्ध करावा लागतो! शिवाय ज्या नीचतम वारंवारतेवर वातावरणाचे सर्वांत खोल थर वाचता येतात, तेथेच हा प्रक्षेप सर्वाधिक दाट असतो.