बटणावरचा उजेड

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने आपला दप्तरी कारभार संगणकावर आणण्यात राज्यात फार लवकर पुढाकार घेतला, आणि मालमत्ता कर भरण्यासाठी खिडकीपुढे ताटकळणाऱ्या नागरिकाला कालांतराने घरबसल्या एक बटण दाबून तेच काम उरकता येऊ लागले. परंतु काचेचा पडदा सर्वत्र सारखाच सपाट असल्यामुळे, नेमके कोठे दाबावयाचे याचा खुलासा डोळ्यालाच करून द्यावा लागतो. ही तजवीज तकाकी करते.

जानेवारी २००० मध्ये अ‍ॅपलने ‘अ‍ॅक्वा’ ही पाणीदार निळ्या बटणांची रचना जगापुढे मांडली आणि तशी बटणे घडविण्याचे वेड सर्वत्र पसरले. फोटोशॉपमधील कृती अवघड नाही. गोल कोपऱ्यांचा आयत काढून त्यात वर फिकट व खाली गडद असा ग्रेडियंट भरावा; मग नव्या लेअरवर तेच सिलेक्शन दोन पिक्सेलनी आत घेऊन, त्याच्या वरच्या अर्ध्यात पांढऱ्याकडून पारदर्शकाकडे जाणारा ग्रेडियंट ओढावा. मात्र तो पूर्ण विरण्याआधीच मध्यावर तुटला पाहिजे, कारण पॉलिश केलेल्या शिसवी मेजात खिडकीचे प्रतिबिंब जसे रेखीव कडेचे दिसते, तशी कड असल्यावाचून पृष्ठभाग गुळगुळीत भासतच नाही.

प्रकाश वरूनच येतो, असे आपली दृष्टी गृहीत धरून चालते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये विशद केल्याप्रमाणे, वर उजळ व खाली काळवंडलेले वर्तुळ फुगीर दिसते आणि तेच उलटे केले की खळगा दिसतो; म्हणून बटण दाबल्याची अवस्था दाखवावयाची तर ग्रेडियंट उलटा करणे पुरते.

देवनागरीची निकड मात्र निराळी आहे. प्रथम फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांना साजेशी अक्षरमांडणी चालू असल्याची खात्री करावी, नाहीतर ‘मि’ची वेलांटी भलतीकडे जाते. पुढे ‘पावती मिळवा’ ही अक्षरे वेलांट्यांसकट मधोमध बसविली की शिरोरेखा खाली सरकून तकाकीच्या कडेशी भिडते, आणि दोन आडव्या रेघांच्या झटापटीत अक्षरांची ओळख हरवते. अशा वेळी तकाकी वरच्या तिसऱ्या हिश्श्यातच आटोपावी व अक्षरांना एका पिक्सेलची गडद सावली द्यावी.

२०१३ मध्ये ‘आयओएस ७’ने ही चमक पुसून टाकली आणि सपाट रंगाची रीत रूढ झाली, त्यात वयस्क करदात्याची गैरसोयच झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२५ मध्ये अ‍ॅपलनेच ‘लिक्विड ग्लास’च्या रूपाने काचेची झळाळी पुन्हा आणली. फोटोशॉपमध्ये बटणाचा आराखडा ठरला, की तीच तकाकी आता सीएसएसच्या चार ओळींत उतरविता येते. अक्षरे चित्रात गोठून राहत नाहीत, आणि चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाला ती हवी तेवढी मोठी करून वाचता येतात.