दाढी खरी की चिकटवलेली

लखोबा लोखंडे पाच सोंगं घेतो आणि पाचही सोंगांतून कोरडाच्या कोरडा बाहेर पडतो. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार. इतक्या बायकांना फसवलं, इतक्यांच्या तोंडचा घास काढला, पण शेवटच्या पडद्यालाही गडी पहिल्या पडद्याइतकाच बिनधास्त. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग १९६२च्या ऑक्टोबरात दिल्लीला झाला. पुढे प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर त्याचे हजारो प्रयोग केले, आणि प्रेक्षक दरवेळी टाळ्या वाजवत राहिले त्या वेषांतराला. माणूस बदलतोय याला नव्हे. तो बदलतच नाही.

मी सांगलीत राहतो. उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं आणि संध्याकाळी पेटी उचलून हौशी संस्थांचे मेकप केले. राज्य नाट्य स्पर्धा आली की आमची भावे नाट्यमंदिराकडे धावाधाव. रंगभूषा करणाऱ्याला नाटक पुढून कमी दिसतं, विंगेतून जास्त. त्यामुळे सोंग या विषयावर माझी काही मतं झाली आहेत. ती समीक्षकांना पटतील असं नाही.

आपल्याकडे खलपात्र उघडं पडलं की 'मुखवटा गळून पडला' असं लिहायची पद्धत आहे. म्हणजे वर खोटं, खाली खरं, आणि खरं ते कायम तसंच असणार. लखोबाच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण जगात अशाही गोष्टी लिहिल्या गेल्यात, जिथे मुखवटा काढायला जावं तर खालचा चेहराच तसा झालेला असतो. असं का होतं, आणि लखोबाचं का होत नाही, हा माझा प्रश्न.

आधी दाढीचं सांगतो. क्रेपची दाढी लावायची तर सुरुवात हनुवटीखालून करावी लागते. स्पिरिट गम लावायचा, तो बोटाला चिकटेल इतका वाळू द्यायचा, मग क्रेपचे केस विंचरून थराथराने बसवायचे, वर गालाकडे यायचं, प्रत्येक थर ओल्या फडक्याने दाबायचा. शेवटी कात्री. वरून खाली लावत आलात तर थर उलटे बसतात आणि दाढी पाटी टांगल्यासारखी दिसते. एवढं करून दुसऱ्या अंकात नटाला घाम फुटला की ओठांच्या कोपऱ्यातून ती सुटायला लागतेच. मग तो तोंड कमी उघडतो, मान कमी वळवतो. प्रेक्षक म्हणतात, काय संयत अभिनय! नाटक संपल्यावर स्पिरिटचा बोळा, खोबरेल तेल, आणि पाचेक मिनिटांत महर्षी पुन्हा एसटीतला कंडक्टर.

आता दुसरी दाढी. आर. के. नारायण यांची 'द गाईड' ही कादंबरी १९५८ची, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. बहुतेकांना ती देव आनंदच्या सिनेमामुळे माहीत असते. कादंबरीतला राजू मालगुडी स्टेशनावरचा दुकानदार. 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत, म्हणून तो प्रवाशांचा गाईड होतो. पुढे रोझी नावाच्या विवाहितेच्या प्रेमात पडतो, तिला नर्तकी म्हणून नावारूपाला आणतो, तिच्या पैशावर चैन करतो आणि तिची खोटी सही केल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात जातो. सुटल्यावर आधी गाठतो तो तुरुंगासमोरचा न्हावी. गुळगुळीत दाढी करून नदीकाठच्या एका जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसतो, कारण जायला दुसरीकडे तोंड नाही.

तिथे वेलन नावाचा खेडूत येतो आणि दोन पायऱ्या खाली बसून त्याच्याकडे भक्तिभावाने बघत राहतो. राजूने काहीही केलेलं नाही. तो नुसता बसलाय. वेलनच्या बहिणीचं लग्नाचं अडलेलं असतं, राजू वेळ मारून नेतो, आणि काही दिवसांत मुलगी लग्नाला तयार होते. झालं. गावातून फळं, जेवण येऊ लागतं. राजूला भूक लागलेली आहे, म्हणून तो स्वामी होतो. दाढी आणि केस वाढवले तर स्वामीपण जास्त शोभेल, हा हिशोबही तो थंड डोक्याने करतो. इथपर्यंत राजू आणि लखोबा सख्खे भाऊ.

पण लखोबाने असं कधी केलं नसतं: राजू त्या देवळात राहतो. सोंग वठलं, माल मिळाला, की पुढच्या गावाला निघायचं, हा लखोबाचा धंद्याचा नियम. राजूची दाढी मात्र स्वतःची आहे. ती वाढायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत रोज कुणी ना कुणी समोर येऊन हात जोडतं, पोरांना शिकवा म्हणतं, भांडण मिटवा म्हणतं. खोटं का होईना, काम करावं लागतं. मग दुष्काळ पडतो. गुरं मरतात, गावात मारामारी होते. राजू वैतागून निरोप धाडतो की भांडणं थांबली नाहीत तर मी जेवणार नाही. निरोप नेणारा वेलनचा अर्धवट भाऊ गावात सांगतो की पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत! नारायणांचा विनोद असा असतो. हसू येतं आणि पोटात गोळाही.

राजू घाबरतो. सुरुवातीला भांड्यात उरलेलं शिळंपाकं चोरून खातो. शेवटी रात्रभर बसून वेलनला सगळं सांगून टाकतो: रोझी, सही, तुरुंग, भूक, सगळं. म्हणजे आपल्या हाताने स्पिरिटचा बोळा घेऊन दाढी पुसायला बसतो. आणि वेलन काय करतो? शांतपणे ऐकतो आणि स्वामींनी आपल्याशी इतका वेळ बोलावं याबद्दल कृतज्ञ होतो. दाढी निघत नाही.

मला ही रात्र आपल्या देशातल्या कथावाङ्मयातल्या सगळ्यात भयंकर रात्रींपैकी एक वाटते. यापुढे राजूला पळायला वाट आहे, पण सोंग उतरवायला वाट नाही, कारण ते आता त्याच्याजवळ नाहीच. ते वेलनकडे आहे. त्यानंतर उपासाच्या दिवसांत कधीतरी राजूच्या मनात येतं की अन्नाचा विचारच सोडून द्यावा, करायचंच तर नीट करावं. पैसा नाही, प्रेम नाही, स्वतःसाठी काहीच नाही, अशा कामात आयुष्यात पहिल्यांदा तो जीव ओततो. बाहेर तोवर जत्रा भरलेली असते, सरकारी डॉक्टर येतात, अमेरिकेहून कॅमेरावाला येऊन मुलाखत घेतो. शेवटच्या सकाळी राजू नदीत उभा राहतो, डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि कोसळतो. पाऊस खरोखर पडला का, राजू मेला का, नारायण सांगत नाहीत. सिनेमाने पाऊस पाडला. नारायण त्या सिनेमावर नाराज होते आणि त्यांनी तसं लिहिलंही. माझं मत विचाराल तर शैलेंद्रची गाणी आणि सचिनदांच्या चाली यांच्यासाठी सिनेमाला सगळं माफ, हा पाऊस सोडून.

म्हणून मला वाटतं, नुसत्या सोंगाने माणूस बदलत नाही. सोंगावर विश्वास ठेवणारा माणूस रोज समोर यावा लागतो, आणि त्याच्या समोरून उठून जाता येऊ नये.

राजूचा एक जुळा भाऊ इटलीत आहे. रोबेर्तो रोसेलिनीचा १९५९चा चित्रपट 'जनरल देल्ला रोव्हेरे', इंद्रो मोंतानेल्लीच्या कथेवरून केलेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातलं जिनोआ. बार्दोने हा जुगारी भामटा, कैदेत पडलेल्यांच्या नातेवाइकांना 'सोडवून आणतो' सांगून पैसे उकळणारा. पकडला जातो तेव्हा जर्मन अधिकारी त्याला सौदा देतो. देल्ला रोव्हेरे हा प्रतिकार चळवळीचा सेनानी मारला गेलाय, पण हे कुणाला ठाऊक नाही. तू जनरल म्हणून मिलानच्या तुरुंगात राहा आणि चळवळीचा म्होरक्या कोण ते शोधून दे. ही भूमिका केली व्हित्तोरिओ दे सिकाने, 'बायसिकल थीव्ह्ज' काढणाऱ्याने. त्याचे ते विंचरलेले पांढरे केस आणि घरंदाज चाल बघण्यासारखी आहे. तुरुंगात कैदी त्याला जनरल म्हणून मान देतात, त्याच्याकडून धीराची अपेक्षा करतात. हा लटका जनरल धीर देता देता ताठ उभा राहायला लागतो. म्होरक्या कोण हे कळल्यावर नाव सांगत नाही. गोळ्या घालण्यासाठी निवडलेल्या ओलिसांबरोबर चालत जातो आणि जनरलच्या बायकोसाठी दोन ओळींची चिठ्ठी ठेवून मरतो, जनरल म्हणूनच. इथेही सोंग सोडण्याची संधी शेवटपर्यंत होती. एक नाव उच्चारलं असतं की झालं असतं.

आमच्या धंद्यातला माणूस ज्या कथेत आहे ती मॅक्स बीअरबोमची, इंग्लंडमधली, १८९०च्या दशकातली 'द हॅपी हिपोक्रिट'. लॉर्ड जॉर्ज हेल हा बदफैली उमराव एका साध्या मुलीवर भाळतो. तिची अट, नवऱ्याचा चेहरा संताचा हवा. हा जातो मुखवटे करणाऱ्या कारागिराकडे आणि मेणाचा साधुतुल्य चेहरा चढवून लग्न करतो. जुगारात लुबाडलेला पैसा परत करतो, जंगलातल्या झोपडीत राहतो. जुनी प्रेयसी येऊन मुखवटा ओरबाडते तेव्हा खाली तसाच चेहरा असतो. परीकथाच आहे, जरा गोडही. पण मेणाखालचा घाम त्या लॉर्डाने कसा सोसला, हा प्रश्न मला अजून पडतो.

उलट्या टोकाला जेकिल. स्टीव्हन्सनची कादंबरिका १८८६ची. लोक समजतात हाइड म्हणजे जेकिलचा मुखवटा. मला वाटतं, प्रतिष्ठित डॉक्टरचा चेहरा हाच मुखवटा होता, आणि त्याला एक असं अंग हवं होतं ज्याला लंडनमध्ये कुणी ओळखत नाही. हाइडच्या समोर वेलन नाही. त्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नाही. एका सकाळी अंथरुणात जागा झालेला जेकिल चादरीवरचा हात बघतो, तो सावळा, गाठाळ, केसाळ हात हाइडचा असतो, आणि रात्री झोपताना तर तो जेकिलच असतो. शेवटी तर परत जेकिल व्हायची भुकटी संपते, आणि बाजारातून आणलेली नवी भुकटी काम करत नाही. माल बदलला की रंग बसत नाही, हे मेकपवाल्याला सांगायला नको.

आपल्या मराठीत वसंत कानेटकरांनी 'अश्रूंची झाली फुले'मध्ये हे सगळं एकाच नाटकात दोन्ही दिशांनी केलं. सज्जन विद्यानंदांवर चोरीचा शिक्का बसतो, ते तुरुंगात जातात आणि बाहेर येतात ते सूड घ्यायला निघालेले. लाल्या हा वाह्यात विद्यार्थी मात्र सुधारतो, कारण कधीकाळी याच प्राध्यापकाने त्याच्यात चांगला माणूस पाहिलेला असतो. विद्यानंद पणशीकर करायचे, लाल्या काशिनाथ घाणेकर. गर्दी घाणेकरांसाठी व्हायची आणि तिचं मला काही वाईट वाटत नाही, पण मेकपच्या खुर्चीत बसवायला मला विद्यानंद आवडतो. त्याला रंग जवळजवळ लागतच नाही. डोळ्यांखाली थोडी सावली, बस्स.

कुणी म्हणेल, मग देवाचं सोंग घेणारे सगळे देवमाणूस का होत नाहीत? जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात माणसं देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्र रात्र नाचतात, लोक त्या मुखवट्यातल्या देवाच्या पाया पडतात. पण तिथे मुखवट्याला पहाटेची मुदत असते. गावालाही ठाऊक असतं की आत कोण आहे, आणि उद्या त्याच्याकडून स्वामीपणाची अपेक्षा नसते. तो शेतावर गेला तर कुणाचा विश्वासघात होत नाही. राजू उठून गेला असता तर झाला असता.

परवा इथल्या काही पोरांनी 'गाईड'मधल्या त्या रात्रीवर एकांकिका बसवायची ठरवली आणि दाढीसाठी माझ्याकडे आली. लांबी विचारली, रंग विचारला. मी म्हटलं, राजूला क्रेप लावणार नाही, नटाने दोन महिने दाढी वाढवावी. वेलन करणारा पोरगा गालातल्या गालात हसला. राजू करणारा एका सहकारी बँकेत काउंटरवर असतो. तो जरा अवघडला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सर, वाढवतो, पण आधी साहेबांना विचारतो. आणि ग्राहक काय म्हणतील?" मी म्हटलं, तेच बघायचंय, रोज येऊन मला सांगत जा.